सांडपाण्याच्या शेवटच्या तलावात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावी का? हिवाळ्यात कोलीफॉर्म मर्यादेबाहेर जाते

तीन_तलाव (प्रश्नकर्ता)

नमस्कार. विदर्भातील एका लहान नगरपंचायतीत पाणीपुरवठा आणि स्वच्छतेचे काम माझ्याकडे आहे. गावाचे सांडपाणी, रोजचे साधारण दहा लाख लिटर, एकापाठोपाठ एक अशा तीन मातीच्या तलावांतून जाते आणि तिसऱ्या तलावाच्या सांडव्यावरून नाल्यात पडते. कुठेही ब्लोअर नाही की फिरते पंखे नाहीत. सगळे काम ऊन, शैवाळ आणि वेळ यांच्या भरवशावर चालते. मूळ आराखड्यात पहिल्या तलावात सहा दिवस आणि पुढच्या दोन्ही तलावांत चार-चार दिवस असा धारणकाल, म्हणजे पाणी तलावात राहण्याचा काळ, धरलेला आहे.

अडचण जीवाणूंची आहे. बीओडीबाबत (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) तक्रार नाही. परंतु विष्ठाजन्य कोलीफॉर्मची, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जीवाणूंची, संख्या एप्रिल-मे महिन्यांत दर १०० मिलिलिटरला हजाराच्या आत असते, तीच डिसेंबर-जानेवारीत २४,००० ते ३५,००० एमपीएनपर्यंत (चाचणीतून निघणारी अंदाजित जीवाणूसंख्या) चढते. आमच्या संमतीपत्रात १,००० ची मर्यादा आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून विचारणा झाली आहे. शिवाय नाल्याच्या पाण्यावर खाली मेथी-पालकाचे वाफे भिजतात, त्यामुळे हा विषय केवळ कागदोपत्री उत्तर देऊन मिटवण्याचा नाही.

आतापर्यंत तीन सूचना पुढे आल्या आहेत. पहिली, दर आठवड्याला तिसऱ्या तलावात टीसीएल पावडर फेकून टाकावी. दुसरी, टीसीएलऐवजी चुन्याची फक्की टाकावी, कारण ती स्वस्त आहे. तिसरी एका विक्रेत्याची असून, त्याच्या मते त्याचे ‘जैविक द्रावण’ पहिल्या तलावात सोडले की कोलीफॉर्म आपोआप मरतात. यांपैकी काय करावे, किती मात्रेत करावे आणि कोणत्या गोष्टीपासून दूर राहावे, याबाबत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

गाळ_आणि_गणित

पहिल्या सूचनेबद्दल आधी लिहितो, कारण ती सर्वांत सोपी दिसते आणि सर्वांत जास्त नुकसान करू शकते.

आपला तिसरा तलाव ही नुसती पाणी साठवण्याची जागा नाही. जीवाणू मारण्याचे काम तिथेच चाललेले असते. दिवसा शैवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट वापरते, त्यामुळे सामू (पीएच) चढत जातो आणि दुपारी तो ९ च्या वर जाऊ शकतो. त्याच वेळी विरघळलेला प्राणवायू भरपूर असतो आणि ऊन वरच्या थरात शिरलेले असते. ऊन, प्राणवायू आणि चढा सामू हे तिन्ही एकत्र आले की विष्ठाजन्य जीवाणू झपाट्याने मरतात. अशा तलावात टीसीएल फेकली तर ती आधी शैवाळ मारते. मेलेले शैवाळ तळाशी कुजते, प्राणवायू खाते, दुर्गंधी सुटते आणि शैवाळाच्या पेशींतून बाहेर पडलेल्या द्रव्यामुळे बीओडीही वाढतो. म्हणजे आज जी बाब मर्यादेत आहे तीही बिघडेल आणि तलाव पुन्हा मूळ स्थितीत यायला बराच काळ जाईल. मोरचूद टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्यालाही हेच उत्तर आहे.

आता क्लोरीनच्या रसायनाकडे येतो. नळाच्या पाण्याचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही, याला दोन कारणे आहेत. क्लोरीन पाण्यात गेल्यावर जे हायपोक्लोरस आम्ल तयार होते, तेच खरे प्रभावी असते. सामू ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मा भाग या रूपात असतो. सामू ९ झाला की तो जेमतेम ३ टक्के उरतो आणि बाकीचा हायपोक्लोराइट आयनाच्या, म्हणजे पुष्कळच दुबळ्या, रूपात जातो. दुपारी तलावाच्या पाण्यात टीसीएल टाकणे म्हणजे तिचा जोर निघून गेल्यावर ती वापरणे होय.

दुसरे कारण अमोनियाचे, आणि खर्चाच्या दृष्टीने तेच मोठे आहे. सांडपाण्यात अमोनिया असल्यामुळे टाकलेला क्लोरीन मुक्त राहतच नाही, तो अमोनियाशी जोडला जाऊन क्लोरामाइनमध्ये बदलतो. अमोनिया संपवून मुक्त क्लोरीन मिळवायचा, ज्याला आपण ब्रेकपॉइंट म्हणतो, तर वजनाने एक भाग अमोनिया-नायट्रोजनला सैद्धांतिक हिशेबाने ७.६ भाग क्लोरीन लागतो आणि प्रत्यक्षात आठ ते दहा भाग. समजा, आपल्या शेवटच्या तलावात अमोनिया-नायट्रोजन लिटरला १५ मिलिग्रॅम आहे. मग सैद्धांतिक हिशेबानेच लिटरला ११४ मिलिग्रॅम क्लोरीन हवा, म्हणजे दहा लाख लिटरला रोज ११४ किलो. टीसीएलमध्ये उपलब्ध क्लोरीन ३३ टक्के धरला तर रोज सुमारे ३४५ किलो पावडर, म्हणजे २५ किलोची जवळपास चौदा पोती लागतील. कोणतीही नगरपंचायत हे करणार नाही आणि करूही नये. तळातून गंधकाचे संयुग, म्हणजे सल्फाइड, वर येत असेल तर तेही क्लोरीन खाते: एक मिलिग्रॅम सल्फाइडमागे २.२ ते जवळपास ८.९ मिलिग्रॅम, क्रिया कुठवर जाते त्यावर अवलंबून.

याचा अर्थ क्लोरीन निरुपयोगी आहे असा नाही. ब्रेकपॉइंटच्या मागे न लागता क्लोरामाइनलाच काम करू द्यावे; ते सावकाश मारते, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. अमेरिकेतील युटा राज्यातल्या लोगन शहराच्या तलावांवर १९७० च्या दशकात या विषयाचा सविस्तर अभ्यास झाला. सुमारे ५० मिनिटांच्या संपर्कानंतर संयुक्त क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइनच्या रूपातला क्लोरीन, लिटरला ०.५ ते १ मिलिग्रॅम शिल्लक राहिला तर निर्जंतुकीकरण पुरेसे होते आणि त्याहून जास्त मात्रा देत गेल्यास शैवाळ फुटून विरघळलेला सेंद्रिय भार वाढतो, असे त्यातून दिसले. तेव्हा क्लोरीन द्यायचाच असेल तर तो तलावात न देता सांडव्यानंतरच्या बंदिस्त, नागमोडी चॅनेलमध्ये द्यावा.

आपल्या प्रवाहासाठी हे चॅनेल फार मोठे होत नाही. दिवसाला १,००० घनमीटर म्हणजे तासाला सुमारे ४२ घनमीटर. एक मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर असे चॅनेल धरले तर एका तासाच्या संपर्कासाठी त्याची धाव ४२ मीटर हवी, जी आडव्या भिंती घालून एका छोट्या चौकोनात बसवता येते. या लांबी-रुंदीमुळे पाणी मधूनच निसटून पुढे जात नाही. नुसती चौकोनी टाकी बांधली तर तासाभराचा संपर्क कागदावर राहतो आणि बरेचसे पाणी त्याआधीच बाहेर पडते.

‘जैविक द्रावणा’बद्दल एवढेच लिहितो की, सांडपाण्यात जीवाणूंची वानवा कधीच नसते. बाहेरून आणखी जीवाणू सोडल्याने विष्ठाजन्य कोलीफॉर्म का मरावेत, हे विक्रेत्याला लेखी विचारावे आणि पैसे अहवाल आल्यानंतरच देण्याची अट घालावी.

फिल्टर_हाऊस

वरील रसायनशास्त्र मान्य आहे, पण त्यात व्यवहाराची बाजू राहून गेली आहे. अडचण दोन महिन्यांची आहे. तेवढ्यासाठी चॅनेलचा प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी आणि निविदा हे सगळे होईपर्यंत पुढचा हिवाळा येईल. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षकसुद्धा विहिरीत टीसीएल टाकून ओटी चाचणी (ऑर्थोटोलिडिन टाकून पिवळ्या रंगावरून क्लोरीन ओळखणे) करतो. पावसाळ्यात विहिरीत टीसीएलचे मडके सोडतात, तसे सांडव्याच्या तोंडाशी सच्छिद्र पोते बांधून ठेवले आणि नाल्याच्या सुरुवातीला ओटीवर पिवळा रंग येतो का ते पाहिले, तर निदान नाल्यात जाणारा धोका कमी होईल. गावात गॅस्ट्रोची साथ असते तेव्हा कोणी धारणकाल मोजत बसत नाही.

काचपट्टी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूने लिहिते.

पोत्याच्या सूचनेत अडचण अशी आहे की, सांडव्यापासून नाल्यापर्यंत पाणी काही मिनिटांतच पोहोचते आणि क्लोरामाइनला ती मिनिटे पुरत नाहीत. ओटीवर पिवळा रंग येईल, कारण क्लोरीन आहेच. पण त्यामुळे जीवाणू मेले असे ठरत नाही. पोत्यातून पहिल्या दिवशी भरमसाट क्लोरीन निघतो आणि नंतर नुसता चुना उरतो, तेव्हा मात्रेवर कोणाचाच ताबा राहत नाही. भरमसाट क्लोरीनच्या दिवशी नाल्यातले मासे मरतात. क्लोरीन आणि क्लोरामाइन लिटरला मिलिग्रॅमच्या शतांश भागांतही त्यांना बाधतात.

नमुन्याबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण अहवाल बिनचूक नसेल तर पुढची सगळी चर्चा हवेत जाते. क्लोरीन दिलेल्या पाण्याचा नमुना घेताना निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच असले पाहिजे; ते नसेल तर बाटलीतच क्लोरीन आपले काम चालू ठेवतो आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत संख्या खोटी कमी होते. बाटली बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवावी. दुसरे, नमुना किती वाजता घेतला ते नोंदवावे. सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता घेतलेल्या नमुन्यांत एकाच तलावाचा सामू आणि कोलीफॉर्म दोन्ही वेगळे येतील. यातली गंमत अशी की, सामूची वरची मर्यादा ९ असल्यामुळे सकाळचा नमुना जीवाणूंवर नापास होतो आणि तलाव उत्तम काम करत असेल तर दुपारचा नमुना सामूवर नापास होऊ शकतो.

मर्यादेबद्दलही सावध राहावे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी विष्ठाजन्य कोलीफॉर्मची मर्यादा दर १०० मिलिलिटरला १,००० एमपीएनपेक्षा कमी अशी होती. त्यानंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात इष्ट पातळी १०० आणि कमाल २३० अशी कडक संख्या सांगितली. आपल्या संमतीपत्रात आज १,००० असले तरी पुढच्या नूतनीकरणात काय येईल ते गृहीत धरूनच खर्चाचा निर्णय घ्यावा.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खाली पालेभाज्या पिकत असतील तर कोलीफॉर्मच्या बरोबरीने जंतांच्या अंड्यांचा विचार झाला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या मार्गदर्शिकेत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १,००० कोलीफॉर्मच्या जोडीला लिटरला एकाहून जास्त जंताचे अंडे नको अशी अट होती. गोल जंताच्या अंड्याचे कवच इतके चिवट असते की, आपण ज्या मात्रांची चर्चा करत आहोत त्या मात्रांत क्लोरीन त्याला काहीही करत नाही. ते अंडे तळाशी बसूनच पाण्यातून वेगळे होते, आणि त्यासाठी पाणी तलावात पुरेसे दिवस शांत राहावे लागते. तेव्हा सांडव्यावर क्लोरीन देऊन अहवाल हजाराच्या आत आला, तरी गाळाने भरलेल्या तलावातून अंडी पुढे जातच राहतील आणि अहवालात त्यांचा उल्लेखही नसेल.

कॉलऱ्याचा जीवाणू हा आणखी एक अपवाद. त्याला चढा सामू मानवतो. प्रयोगशाळेत आम्ही त्याला मुद्दाम अल्कधर्मी माध्यमातच वाढवतो. तो मुख्यत्वे मरतो तो पहिल्या, प्राणवायूविरहित तलावातल्या सल्फाइडमुळे. म्हणून पहिल्या तलावाचा वास येतो एवढ्या कारणाने तिथे रसायने ओतू नयेत.

तीन_तलाव (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. आपल्या उत्तरांनंतर आम्ही तलावांची पाहणी केली. लांब बांबूला पांढरे कापड गुंडाळून तळापर्यंत उभा सोडला आणि बाहेर काढल्यावर कापडावर काळ्या गाळाची खूण कुठवर आली ते मोजले. पहिल्या तलावात आवक बाजूला गाळ निम्म्या खोलीच्या आसपास आला आहे. दुसऱ्या तलावाच्या मोठ्या भागावर जलपर्णी पसरलेली आहे. तिसऱ्या तलावात पाणी जिथून येते आणि जिथून बाहेर पडते, ती दोन्ही तोंडे एकाच बांधावर आहेत, हे नकाशात पूर्वीही दिसत होते, पण त्याचा या प्रश्नाशी संबंध असेल असे कोणी सुचवले नव्हते. सकाळी तिसऱ्या तलावाचा सामू ७.८ आणि दुपारी ८.६ आला.

आता प्रश्न असा आहे की, आधी गाळ काढावा की आधी क्लोरीनची सोय करावी? दोन्हींसाठी एकाच वर्षी निधी मिळणार नाही. चुन्याबद्दलही कोणी लिहिले नाही. त्याचा आग्रह येथे अजून चालू आहे.

गाळ_आणि_गणित

आपण जे मोजून आणले आहे त्यावरच उत्तर उभे राहते, म्हणून थोडे गणित मांडतो.

तलावांतील विष्ठाजन्य जीवाणूंच्या ऱ्हासासाठी मारे या संशोधकाचे १९७४ चे सूत्र आजही वापरले जाते. तलावातून बाहेर पडणारी संख्या म्हणजे आत येणारी संख्या भागिले (१ + क × दिवस). येथे ‘क’ हा ऱ्हासाचा दर असून २० अंश सेल्सिअसला तो दिवसाला २.६ असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की तो १.१९ पट होतो. एकापाठोपाठ तलाव असतील तर प्रत्येकाचा भाजक गुणत जायचा.

कच्च्या सांडपाण्यात दर १०० मिलिलिटरला एक कोटी कोलीफॉर्म धरू. हिवाळ्यात पाणी २० अंशांवर असेल आणि आराखड्यातला धारणकाल खरोखर मिळत असेल, तर पहिल्या तलावाचा भाजक १६.६ आणि पुढच्या प्रत्येकाचा ११.४ येतो. गुणाकार सुमारे २,१५७, म्हणजे बाहेर ४,६०० च्या आसपास. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेले की ‘क’ १४.८ होतो आणि तेच तलाव तीच संख्या कागदावर शंभराच्या खाली आणतात. आता गाळामुळे आणि पाणी जवळच्या वाटेने निसटल्यामुळे प्रत्येक तलावात निम्माच काळ मिळतो असे समजा. हिवाळ्यातले भाजक ८.८, ६.२ आणि ६.२ होतात, गुणाकार सुमारे ३३८ आणि उत्तर २९,६०० च्या घरात. आपला हिवाळी अहवाल २४,००० ते ३५,००० चा आहे. सूत्र ढोबळ आहे आणि कच्च्या पाण्याची संख्या मी गृहीत धरली आहे, तरी तलावांचा निम्मा धारणकाल हरवला आहे हा निष्कर्ष बांबूवरच्या खुणेशी जुळतो.

यावरून क्रम ठरतो. आधी तलाव, मग क्लोरीन. तलाव मूळ स्थितीत आणले तर हिवाळ्यातली संख्या पाच-सात पट खाली येते आणि उरलेला टप्पा क्लोरीनच्या लहान मात्रेने गाठता येतो. उलट क्रमाने गेलात तर गाळातून वर येणारे सल्फाइड आणि अमोनिया क्लोरीन खात राहतील, दर हिवाळ्याला मात्रा वाढवावी लागेल, आणि काचपट्टी यांनी सांगितलेली जंतांची अंडी तशीच पुढे जातील.

जलपर्णी सर्वांत आधी काढा, कारण त्याला फारसा निधी लागत नाही. तिने झाकलेल्या पाण्यात ऊन शिरत नाही, शैवाळ वाढत नाही आणि सामू चढत नाही. दुपारी सामू ८.६ च्या पुढे का गेला नाही, याचे एक कारण तिथेच असावे. काढलेली जलपर्णी बांधावर रचून ठेवू नका, पावसात ती पुन्हा आत येते.

तिसऱ्या तलावात आडवा बांध किंवा जाड ताडपत्रीचा पडदा असा घाला की पाण्याला लांब वळसा घ्यावा लागेल. एकाच मोठ्या तलावापेक्षा तेवढ्याच पाण्याचे दोन लहान तलाव जास्त जीवाणू मारतात: आठ दिवसांच्या एका तलावाचा भाजक २० अंशांना २१.८ येतो, तर चार-चार दिवसांच्या दोन तलावांचा १३० येतो. पडद्याने तलावाचे अगदी दोन तलाव होत नाहीत, पण त्या दिशेने बरेच अंतर कापले जाते, आणि खर्च रसायनाच्या एका हंगामाइतकाही येऊ नये असे मला वाटते.

चुन्याबद्दल. सामू ११ च्या वर नेला आणि काही तास टिकवला तर चुना जीवाणू नक्कीच मारतो. हैतीमध्ये २०१० नंतर कॉलऱ्याच्या उपचार केंद्रांतील अत्यंत दूषित सांडपाण्यासाठी चुन्याचा असा वापर झाला. पण तिथे पाणी थोडे होते, एकेका टाकीत भरून प्रक्रिया करता येत होती आणि धोका तातडीचा होता. आपल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असणार, त्यामुळे सामू ११ वर नेण्यासाठी लिटरला काही शे मिलिग्रॅम चुना लागेल. लिटरला ४०० मिलिग्रॅम धरले तरी रोज ४०० किलो झाले. त्याचा पांढरा गाळ तळाशी साचून आधीच कमी झालेला धारणकाल आणखी घटवेल, आणि एवढे करून बाहेर पडणारे पाणी सामूच्या मर्यादेच्या दोन अंकांनी वर राहील, म्हणजे ते पुन्हा आम्लाने खाली आणावे लागेल. थोडासा चुना फेकला तर सामू जेमतेम अर्ध्या अंकाने हलतो आणि संध्याकाळपर्यंत परत येतो. तेव्हा थोडा चुना व्यर्थ आहे आणि पुरेसा चुना झेपणारा नाही.

तुरटीचा विषय निघाला नाही, पण निघेल. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात लहान गावांच्या तलावांत मोटारबोटीतून तुरटीचे द्रावण पसरवून पाणी निवळवण्याची पद्धत वापरली गेली आहे. त्यात मुख्य उद्देश फॉस्फरस खाली बसवण्याचा असला तरी शैवाळ आणि जीवाणूही काही प्रमाणात गाळासोबत जातात. ते तिथे जमते, कारण तिथले तलाव हिवाळाभर साठवून वर्षातून एक-दोनदाच सोडले जातात. आपले पाणी अखंड वाहते, त्यामुळे तुरटी द्यायची तर वेगळी निवळण टाकी हवी. अतिनील किरणांचे दिवे हिरव्या पाण्यात चालत नाहीत, कारण शैवाळ किरण अडवते; आणि पेरॲसिटिक आम्ल हे जंतुनाशक सामूच्या बाबतीत क्लोरीनपेक्षा बरे असले तरी लहान गावाला परवडणारे नाही.

वाफे_आणि_पाट

मी भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. नाल्याचे पाणी उचलणारे शेतकरी गाळ निघेपर्यंत थांबणार नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी आत्ताच बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेने सगळा भार शुद्धीकरणावर न टाकता शेतातल्या उपायांनाही हिशेबात धरले आहे. शेवटचे पाणी आणि काढणी यांत अंतर ठेवले तर पानांवरचे जीवाणू उन्हात आणि कोरड्या हवेत दिवसाला साधारण तीन पटींपासून शंभर पटींपर्यंत कमी होतात. काढणीनंतर भाजी त्याच नाल्यात न धुता स्वच्छ पाण्यात धुतली तर आणखी दहा पट घट धरता येते. मेथी-पालकाला काढणीआधी दोन दिवस पाणी तोडायला शेतकरी सहसा तयार होत नाही, कारण पाला मलूल दिसतो आणि बाजारात भाव पडतो. म्हणून हिवाळ्यातल्या त्या दोन महिन्यांत वाफ्यांना विहिरीचे पाणी आणि नाल्याचे पाणी कपाशी, तूर किंवा चाऱ्याला, अशी वाटणी करता आली तर ती अधिक टिकेल. नगरपंचायतीने हे सांगताना भाजी घाण आहे असा गाजावाजा होऊ देऊ नये, नाहीतर शेतकरी पुन्हा बोलायलाच येणार नाहीत.

आणखी एक. काढलेला गाळ ‘सोनखत’ म्हणून लगेच वाटू नका. त्यातली जंतांची अंडी ओल्या गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात.

फिल्टर_हाऊस

क्रम पटला. चॅनेल होईल तेव्हा पाणीपुरवठ्याच्या माणसांनाच ते चालवावे लागणार, म्हणून त्यांच्या कामाच्या चार गोष्टी लिहून ठेवतो.

लिटरला ८ मिलिग्रॅम क्लोरीनची मात्रा धरली तर दहा लाख लिटरला ८ किलो क्लोरीन, म्हणजे ३३ टक्क्यांची सुमारे २४ किलो टीसीएल, रोजचे जवळजवळ एक पोते. नेमकी मात्रा मात्र आपल्याच पाण्यावर बादलीत चाचणी घेऊन ठरवावी: वेगवेगळ्या मात्रा द्याव्यात, तासभर थांबावे आणि ज्या सर्वांत कमी मात्रेत लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम शिल्लक राहतो ती घ्यावी. ही चाचणी सकाळी सामू कमी असताना एकदा आणि दुपारी एकदा करावी. पोत्यावर छापलेल्या टक्केवारीवर विसंबू नये, कारण टीसीएल उष्णतेत आणि दमट हवेत वेगाने जोर गमावते. उन्हाळ्यात घेऊन हिवाळ्यासाठी ठेवलेला साठा जवळजवळ चुनाच असतो. पावडर थेट चॅनेलमध्ये टाकू नये. टाकीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरची निवळीच थेंब-थेंब सोडावी, नाहीतर डोसिंगची नळी पहिल्याच आठवड्यात तुंबते. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण परवडत असेल तर हा त्रास वाचतो, मात्र तेही सावलीत ठेवावे लागते आणि थोडेथोडेच मागवावे लागते.

टीसीएल आणि तुरटी एका टाकीत किंवा एकाच मापाने कधीही हाताळू देऊ नये. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते आणि दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. फिल्टर हाऊसमध्ये दोन्ही वस्तू शेजारी असतात, त्यामुळे हे भिंतीवर लिहून ठेवलेले बरे.

ओटीऐवजी डीपीडी किट (क्लोरीन मोजण्याची दुसरी रंगचाचणी) वापरावे, म्हणजे मुक्त आणि संयुक्त क्लोरीन वेगवेगळे वाचता येतात. इथे आपल्याला संयुक्तच पाहायचा आहे. चॅनेलच्या शेवटी शिल्लक जास्त राहिली आणि नाल्यात मासे असतील तर तो क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट द्यावे लागेल. एक मिलिग्रॅम क्लोरीनला त्याचे साधारण १.३४ मिलिग्रॅम पुरतात. थोडे जास्त गेले की ते पाण्यातला प्राणवायू खाते, तेव्हा तिथेही हात सैल सोडू नये. मार्चमध्ये पाणी तापले आणि सलग अहवाल हजाराच्या आत येऊ लागले की डोसिंग थांबवावे.

तीन_तलाव (प्रश्नकर्ता)

जलपर्णी काढण्याचे काम पुढच्या आठवड्यात मजुरांकडून सुरू करत आहोत. पहिल्या तलावाचा गाळ आणि तिसऱ्या तलावातील पडदा यांचा एकत्र प्रस्ताव सभेपुढे ठेवतो आणि क्लोरीन चॅनेल दुसऱ्या टप्प्यात दाखवतो. मंडळाला उत्तर देताना हा क्रम आणि त्यामागचे गणित जोडेन. एक शंका उरते: पहिल्या तलावाचा गाळ काढताना तो तलाव रिकामा करावा लागेल, त्या काळात कच्चे पाणी थेट दुसऱ्या तलावात घ्यावे का?

गाळ_आणि_गणित

घ्यावे, पण एप्रिल-मे मध्येच. उष्णतेमुळे उरलेल्या दोन तलावांचा ऱ्हासाचा दर तेव्हा सर्वांत जास्त असतो: ३० अंशांना त्या दोघांचा पूर्ण धारणकालाचा गुणाकार सुमारे ३,६०० येतो, म्हणजे एक कोटीचे २,८०० पर्यंत उतरते. मर्यादा तरीही ओलांडली जाईल, म्हणून मंडळाला आधी लेखी कळवा आणि तेवढ्या दिवसांत पालेभाजीसाठी नाल्याचे पाणी उचलू नये असे शेतकऱ्यांना सांगा. दुसऱ्या तलावाची जलपर्णी त्याआधी पूर्ण निघालेली असली पाहिजे. शक्य असेल तर तलाव रिकामा न करता तराफ्यावरच्या पंपाने गाळ उपसून बांधालगतच्या वाळवण वाफ्यांत घेण्याची दरपत्रकेही मागवा. तसे जमल्यास पाणी वळवण्याची वेळच येणार नाही. वाफ्यांतून झिरपणारे पाणी मात्र नाल्यात न सोडता पहिल्या तलावातच परत घ्या.